खेळांची देवघेव

शाळेचा वार्षिक क्रीडामहोत्सव जवळ आला, की कोणकोणते खेळ घ्यावयाचे, यावरून थोडीबहुत वादावादी व्हावयाचीच. मी मुख्याध्यापक असतानाचा असाच एक प्रसंग मला चांगला आठवतो. खेळांची यादी ठरविण्यासाठी प्रत्येक वर्गाचे दोन प्रतिनिधी माझ्या खोलीत जमले होते. कोणी कबड्डीचे नाव घेतले, कोणी खो-खोचे, तर कोणी धावण्याच्या शर्यतीचे. सातवीच्या वर्गात त्याच वर्षी विदर्भातून आलेली एक मुलगी होती. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, आट्यापाट्या घ्या ना!" सारी मुले हसली. आमच्या भागात तो खेळ कोणी खेळत नसे. पुष्कळांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. मी तिला म्हटले, "बाळ, जो खेळ तुझ्याखेरीज येथे कोणालाच येत नाही, तो स्पर्धेत घ्यावा कसा?" ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मी शिकवीन सगळ्यांना."

त्या मुलीचे आणि तिच्या खेळाचे पुढे काय झाले, ते मी शेवटी सांगेन. तत्पूर्वी तुम्हांला एका फार मोठ्या क्रीडामहोत्सवाची ओळख करून द्यावयाची आहे. आमच्या लहानशा शाळेपुढे जो प्रश्न उभा राहिला, तोच प्रश्न या महोत्सवातही वारंवार उभा राहत आला आहे. हा महोत्सव म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धा. आशिया खंडातील देशांचे खेळाडू साधारणतः दर चार वर्षांनी एका ठिकाणी जमतात आणि आपले बळ, चापल्य, कौशल्य व बुद्धी यांची परीक्षा देतात.

या स्पर्धेची कल्पना प्रथम मांडली ती एका भारतीयाने. त्यांचे नाव गुरुदत्त सोंधी. १९४८ साली लंडन येथे ऑलिम्पिक सामने भरले होते. त्या वेळी आशियातील अनेक देश नुकतेच स्वतंत्र झाले होते, किंवा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभे होते. या देशांनी आपला स्वतःचा क्रीडामेळावा भरवावा, असा विचार सोंधी यांनी लंडनमध्ये जमलेल्या आशियाई क्रीडाधुरीणांपुढे मांडला. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, दिल्लीत आशियाई क्रीडासंघटनेची स्थापना झाली, आणि मार्च १९५१ मध्ये दिल्लीतच पहिली आशियाई क्रीडास्पर्धा पार पडली.

त्या पहिल्या स्पर्धेत अकरा देशांचे ४८९ खेळाडू उतरले होते. खेळ होते अवघे सहा: मैदानी शर्यती, जलक्रीडा, फुटबॉल, बास्केटबॉल, सायकलींग आणि भारोत्तोलन, म्हणजे वजन उचलणे. शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत सचिन नाग यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. स्त्रियांच्या शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत मुंबईच्या रोशन मिस्त्री यांनी रौप्यपदक पटकावले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात भारताने इराणवर एका गोलाने विजय मिळविला. यजमान या नात्याने भारताला अभिमान वाटावा, असाच तो सोहळा होता.

परंतु मुलांनो, त्या सहा खेळांची नावे पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यांत आशियाच्या मातीत जन्मलेला असा खेळ कोणता? एकही नाही! धावणे, पोहणे, वजन उचलणे या गोष्टी माणूस सर्वत्र व सर्वकाळ करीत आला हे खरे. पण तेथे या खेळांचे जे नियम होते, ते सारे पश्चिमेकडून आलेले होते. मेळावा आशियाचा, खेळाडू आशियाचे. खेळ मात्र पाहुणे. यात कमीपणा मानण्याचे कारण नव्हते. सर्वांना ठाऊक असलेल्या खेळांनीच आरंभ करणे सोयीचे होते. तथापि ज्या खंडात शेकडो खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळले जात होते, त्याच्या महोत्सवात ते खेळ केव्हा तरी येणे स्वाभाविक होते.

ते आले, पण सावकाश आले. १९५१ साली सहा असलेली खेळांची संख्या वाढत वाढत चीनमधील हांगझोऊ येथील स्पर्धेत चाळीसवर गेली. या स्पर्धेला २०२२ चे नाव असले, तरी कोरोनाच्या साथीमुळे ती लांबणीवर पडून प्रत्यक्षात २०२३ साली झाली. पंचेचाळीस देशांचे व प्रदेशांचे जवळजवळ बारा हजार खेळाडू तेथे जमले होते. चाळीस खेळांत मिळून ४८१ क्रीडाप्रकार होते. 'खेळ' आणि 'क्रीडाप्रकार' यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. पोहणे हा एक खेळ. परंतु त्यात पन्नास मीटरांची शर्यत निराळी, शंभर मीटरांची निराळी, पाठीवर पोहण्याची निराळी आणि छातीवर पोहण्याची निराळी. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र पदके असतात. म्हणून खेळ चाळीस असले, तरी सुवर्णपदके जिंकण्याच्या संधी पाचशेच्या घरात गेल्या.

एवढी मोठी यादी तयार होते तरी कशी? तिचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग ऑलिम्पिकमध्ये खेळल्या जाणाऱ्या खेळांचा. मैदानी शर्यती, पोहणे, कुस्ती, मुष्टियुद्ध, नेमबाजी, हॉकी इत्यादी खेळ यात येतात. दुसरा भाग आशियाच्या निरनिराळ्या विभागांनी आपले म्हणून पुढे आणलेल्या खेळांचा. तिसरा भाग यजमान देशाच्या आवडीचा. ज्याच्या अंगणात मेळावा भरतो, त्याच्या इच्छेला थोडा मान मिळतो. पहिल्या भागातील खेळ तुमच्या परिचयाचे आहेत. म्हणून आपण दुसऱ्या व तिसऱ्या भागांतील काही खेळ पाहू.

प्रथम पूर्वेकडे वळू. जपानने जगाला ज्यूदो दिला. १८८२ साली जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने जुन्या झटापटीच्या विद्येतून हा खेळ निर्माण केला. ज्यूदो या शब्दाचा अर्थ 'मृदू मार्ग' असा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या जोराला जोराने न अडविता, त्याच्याच जोराचा उपयोग करून त्याला पाडावयाचे, हे त्यातील मर्म होय. कोरियाचा तायक्वांदो हा मुख्यतः पायांच्या चपळ प्रहारांचा खेळ आहे. हे दोन्ही खेळ १९८६ च्या सोल येथील स्पर्धेत प्रथम आले. चीनचा वुशू १९९० साली बीजिंग येथे आला. मध्य आशियातील उझबेकिस्तानचा कुराश २०१८ साली जकार्ता व पालेमबंग येथील स्पर्धेत आला. आपल्याकडील मल्लांना कुराश पाहून आपल्या कुस्तीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर चीत केले, की विजय. मात्र येथे कमरेखाली हात घालावयाचा नाही, आणि जमिनीवर पडल्यावर झोंबाझोंबी करावयाची नाही. पंच दोघांना पुन्हा उभे करतात.

आग्नेय आशियात सेपाक टकरॉ नावाचा एक विलक्षण खेळ आहे. बॅडमिंटनच्या मैदानाएवढे मैदान, मध्ये जाळे आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू. चेंडू जाळ्यावरून पलीकडे धाडावयाचा. परंतु त्याला हात लावावयाचा नाही. पाय, गुडघा, छाती व डोके यांनीच तो उडवावयाचा. कसलेला खेळाडू हवेत उलटी कोलांटी घेऊन डोक्याहून उंच गेलेल्या चेंडूवर लाथ मारतो, तेव्हा पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबतो. पूर्वी हा चेंडू वेताचा विणलेला असे. या खेळाच्या नावातही एक गंमत आहे. 'सेपाक' हा मलय शब्द असून त्याचा अर्थ लाथ मारणे. 'टकरॉ' हा थाई शब्द असून त्याचा अर्थ विणलेला चेंडू. मलेशिया व थायलंड हे दोन्ही देश या खेळाला आपला म्हणत. शेवटी दोघांचा एकेक शब्द जोडून नाव तयार झाले आणि भांडण मिटले. आमच्या शाळेतील वादही असेच मिटते, तर किती बरे झाले असते!

या महोत्सवात शरीरबळाबरोबर बुद्धिबळालाही स्थान आहे. चीनमध्ये ज्याला वेईची म्हणतात, तोच खेळ जपानमध्ये गो आणि कोरियात बादुक या नावाने ओळखला जातो. उभ्या एकोणीस व आडव्या एकोणीस रेघा, त्यांचे ३६१ छेदनबिंदू, आणि काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. साहित्य एवढेच, पण डाव असा गहन, की आयुष्य घालविले तरी शिकणे संपत नाही. आपल्या देशातील चतुरंग प्राचीन काळी इराणात गेला, तेथे त्याचे शतरंज झाले आणि पुढे तो बुद्धिबळ म्हणून साऱ्या जगात पसरला. हा बुद्धिबळाचा खेळ २००६ साली दोहा येथील स्पर्धेत प्रथम खेळला गेला.

खेळ इतके निरनिराळे असल्यामुळे खेळाडूही निरनिराळ्या वयांचे असतात. २०१८ साली पत्त्यांच्या ब्रिज या खेळात पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक प्रणव बर्धन व शिवनाथ दे सरकार या भारतीयांनी जिंकले. त्या वेळी बर्धन यांचे वय साठ वर्षांचे होते. याच्या उलट, हांगझोऊ येथे चाकांच्या फळीवरून कसरती करण्याच्या खेळात चीनच्या एका मुलीने सुवर्णपदक मिळविले. तिचे वय होते तेरा वर्षे, म्हणजे तुमच्याएवढेच. आजोबा आणि नात शोभतील, असे दोन विजेते एकाच महोत्सवाच्या इतिहासात नोंदले गेले आहेत.

चिनी परंपरेतील ड्रॅगन नौकांच्या शर्यतीचीही हकीकत अशीच सांगण्याजोगी आहे. लांबट नाव, तिच्या नाकाडावर ड्रॅगनचे मस्तक, पुढे ढोल वाजविणारा आणि त्याच्या ठेक्यावर एकसाथ वल्ही मारणारे गडी. एकाचे वल्हे जरी चुकले, तरी नावेचा वेग मोडतो. २०१८ साली उत्तर व दक्षिण कोरिया या एकमेकांपासून दुरावलेल्या दोन देशांनी या शर्यतीसाठी आपल्या खेळाडूंचा एकच संघ केला. एका नावेत बसून, एका ढोलाच्या तालावर वल्ही मारीत त्यांच्या मुलींनी पाचशे मीटरांची शर्यत जिंकली आणि सुवर्णपदक मिळविले. दोन्ही देशांच्या संयुक्त संघाने अशा मोठ्या क्रीडामेळाव्यात जिंकलेले ते पहिले सुवर्णपदक होय.

आता आपल्या घरच्या खेळाकडे येऊ. कबड्डीला महाराष्ट्रात हुतूतू म्हणत, बंगालमध्ये हा-डु-डु आणि तमिळ मुलखात चडुगुडु. नाव कोणतेही असो. एका दमात शत्रूच्या अंगणात शिरावे, गडी बाद करावे आणि पकड चुकवून आपल्या अंगणात परत यावे, हे सर्वत्र सारखेच. या खेळाला बॅट नको, चेंडू नको, जाळे नको. मैदान, छाती आणि दम एवढे असले, की पुरे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, तेव्हा त्यांत कबड्डीही होती. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत तिचे प्रात्यक्षिक झाले, आणि १९९० साली बीजिंग येथे ती पदकाचा खेळ म्हणून रीतसर दाखल झाली.

पुढे काय घडले? १९९० पासून २०१४ पर्यंत सात स्पर्धा झाल्या, आणि सातही वेळा पुरुषांचे सुवर्णपदक भारतानेच जिंकले. स्त्रियांची कबड्डी २०१० साली सुरू झाली. तीतही पहिली दोन सुवर्णपदके भारतीय मुलींनी पटकावली. कबड्डीचे सुवर्ण म्हणजे भारताचे हक्काचे, असे सर्वजण मानू लागले. परंतु २०१८ साली उपान्त्य सामन्यात इराणच्या संघाने भारतीय पुरुषांचा २७-१८ असा पराभव केला आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले. दुसऱ्याच दिवशी स्त्रियांच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारतीय मुलींना २७-२४ असे हरविले. आपल्या अनेक क्रीडाप्रेमींना या वार्तेने धक्का बसला.

आणि या कथेतील खरी नवलाची गोष्ट तर पुढेच आहे. इराणच्या त्या विजयी मुलींना कबड्डीचे डावपेच शिकविले होते कोणी? नाशिकच्या शैलजा जैन यांनी! भाषा निराळी, चालीरीती निराळ्या, अशा परक्या देशात जाऊन एका महाराष्ट्रीय स्त्रीने तेथील मुलींना आपला खेळ शिकविला, आणि त्या शिष्यांनी गुरूच्याच देशाला जिंकून दाखविले.

मुलांनो, येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्यांनी हे बरे केले का? आपली विद्या दुसऱ्याला देऊन आपल्याच संघाचा पराभव ओढवून घ्यावा, यात शहाणपण कोणते, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे. पराभवाचे दुःख खोटे नसते, आणि त्या दिवशी रडणाऱ्या भारतीय मुलींचे अश्रूही खोटे नव्हते. पण उत्तर देण्यापूर्वी आणखी एका खेळाची हकीकत ऐका.

२०१८ च्या त्याच स्पर्धेत यजमान इंडोनेशियाने पेनचाक सिलात हा आपल्याकडील झुंजीचा खेळ यादीत आणला. त्यात सोळा सुवर्णपदके होती. त्यांपैकी चौदा इंडोनेशियाने जिंकली. यजमानांना आनंद झाला. पुढच्या, म्हणजे हांगझोऊच्या स्पर्धेत मात्र तो खेळ यादीत नव्हता. तो खेळ कमी योग्यतेचा आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. तो सुंदर आणि पुरातन आहे. पण यावरून एक गोष्ट कळून येते. यजमानाच्या हौसेने खेळ एकदा यादीत येऊ शकतो. तेथे टिकून राहावयाचे, तर त्याला अनेक देशांत घरे मिळावी लागतात. जेथे एकच जण नेहमी जिंकतो, तेथे इतरांचे मन फार काळ रमत नाही. मग कबड्डीला इराण, दक्षिण कोरिया, तैवान अशी नवी घरे मिळाली, हे आपले नुकसान झाले म्हणावे, की लाभ?

याचे उत्तर २०२३ साली हांगझोऊ येथे मिळाले. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत व इराण पुन्हा समोरासमोर आले. सामना इतका अटीतटीचा झाला, की पंचांच्या एका निर्णयावरून वाद होऊन खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळविला. स्त्रियांच्या अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी तैवानच्या संघाला २६-२५ असे, म्हणजे केवळ एका गुणाने हरविले. पूर्वीची सुवर्णपदकेही मोलाचीच होती. पण या एका गुणाच्या विजयाने मैदानात जो जल्लोष झाला, तो सहज मिळालेल्या विजयाने कधी झाला नसता. तोलामोलाचा प्रतिस्पर्धी लाभला, म्हणजे आपला खेळही उंचावतो. त्याच वर्षी बुद्धिबळात पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचे सुवर्णपदक इराणने जिंकले आणि भारताला रौप्यपदक मिळाले. चतुरंग आपण इराणला दिला, त्याला कित्येक शतके लोटली. तरी त्या डावाची गोडी दोन्ही देशांत अजून ताजी आहे.

आपण जसे देतो, तसे घेतोही. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी हांगझोऊ येथे तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. ही शर्यत मूळची इंग्लंडमधील. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, कुंपणे आणि ओढे ओलांडीत लोक पैजेने जात, त्यावरून ती निघाली. म्हणूनच आजही या शर्यतीत अठ्ठावीस वेळा लाकडी अडसर आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. इंग्लंडच्या ओढ्यांवर जन्मलेली शर्यत मराठवाड्याच्या दुष्काळी मुलखातील तरुणाने आपलीशी केली! नागपूरच्या ओजस देवतळे यांनी तिरंदाजीत तीन सुवर्णपदके मिळविली, तर साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी सांघिक सुवर्णपदकाची मानकरी ठरली. धनुष्य-बाण आपल्याला पुराणकाळापासून परिचित. पण या दोघांच्या हातांतील चाके लावलेले धनुष्य अमेरिकेत तयार झालेल्या रचनेचे आहे. आणि ज्या सेपाक टकरॉचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी आज प्रथमच ऐकले असेल, त्यात भारतीय मुलींच्या संघाने हांगझोऊ येथे कांस्यपदक मिळविले. या खेळातील भारतीय महिलांचे ते पहिलेच पदक होय.

अशी ही देवघेव चालू आहे. आपला खो-खो हांगझोऊपर्यंत तरी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झालेला नव्हता. २०१६ साली गुवाहाटी व शिलाँग येथे भरलेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मात्र त्याला ते स्थान मिळाले. तो पुढे जावा, असे आपल्याला वाटत असेल, तर त्याचा मार्ग कबड्डीने दाखवून ठेवला आहे: शिकवीत जावे, आणि शिकणारा आपल्या पुढे गेला, तरी शिकविणे थांबवू नये. शिष्याकडून झालेला पराभव गुरूला भूषणावह वाटतो, असे आपल्याकडे पूर्वीपासून मानीत आले आहेत.

आता आरंभी सांगितलेल्या मुलीची गोष्ट पुरी करतो. तिने म्हटल्याप्रमाणे खरोखरच शिकविले. रोज शाळा सुटल्यावर मैदानावर फक्कीने पाट्या आखावयाच्या, पाटीवरच्या गड्याला हुलकावणी कशी द्यावयाची ते करून दाखवावयाचे, आणि चुकणाऱ्याला पुन्हा पुन्हा समजावून सांगावयाचे, असा तिचा महिनाभर क्रम चालला होता. आरंभी हसणारी मुलेच पुढे अंधार पडेतो खेळू लागली. महोत्सवात आट्यापाट्यांचा अंतिम सामना सातवी व आठवी या वर्गांत झाला. सातवीकडून ती स्वतः खेळत होती. तिने शिकविलेल्या हुलकावण्या आठवीच्या मुलींनी तिच्यावरच चालविल्या, आणि सातवीचा संघ हरला.

बक्षीस-समारंभ संपल्यावर ती माझ्याकडे आली. डोळे पाणावलेले होते. मला वाटले, आता ही पराभवाचे गाऱ्हाणे सांगणार. पण तिने एवढेच विचारले, "गुरुजी, पुढच्या वर्षी आट्यापाट्या राहतील ना?"

मी मैदानाकडे बोट दाखविले. समारंभ संपला होता, तंबूचे दोर सोडले जात होते, आणि पुसट झालेल्या पाट्यांवर पाचवीची लहान मुले तोच खेळ खेळत होती. त्यांना कोणी शिकविले होते, कोण जाणे! ती त्यांच्याकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली. मग डोळे पुसून ती त्यांच्याकडे धावत गेली, आणि एका चुकणाऱ्या मुलाला पाटी कशी ओलांडावी, ते दाखवू लागली.